१५ ऑगस्टपर्यंत यादी लावा

शिरूर आणि दौंडच्या नगरपरिषदा, दोन्ही तालुक्यांचे आरोग्य अधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसीला माणसं पुरवणारे ठेकेदार, हा इशारा तुम्हाला आहे.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्यावरची लस विषाणूशी गाठ पडण्याआधी टोचावी लागते, म्हणून ९ ते १४ हे वय मोलाचं. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे ८० हजार बायका या कॅन्सरने गेल्याचा अंदाज आहे.

त्या कशा जातात ते वस्तीत येऊन बघा. अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, मधेच रक्त दिसतंय, हे बाई नवऱ्याला सांगत नाही, सासूला तर नाहीच. मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस ढकलते. ससूनला पोचते तेव्हा आजार हाडामांसात शिरलेला असतो. मग लाईट (रेडिएशन) घ्यायला आठवडेच्या आठवडे पुण्याच्या खेपा. रोज बुडतो. थोरल्या मुलीची शाळा सुटते आणि आईची धुण्याभांड्याची कामं ती धरते. तेरा वर्षांच्या त्या पोरीला लस टोचायला हवी होती. पण लस शाळेत आली आणि ही शाळेत नाही, तर तिच्या हाताला सुई लागणार कशी?

हीच पोर आम्हाला लसीच्या यादीत हवी आहे. शाळेच्या हजेरीपटावरून केलेली यादी आम्हाला मान्य नाही. रेल्वेलगतच्या वस्त्या, घोडनदीकाठची पालं, ठेकेदारांच्या खोल्या, उसाच्या हंगामात येणाऱ्या टोळ्यांच्या कोप्या, सगळीकडे घरोघर जाऊन यादी करा.

लस पुण्यातच बनते. सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली, ती २००० रुपयांना एक डोस या भावाने. हातावर पोट असलेल्या घराला ते पैसे परवडणारे नाहीत. त्यांच्यासाठी सरकारी मोफत डोस हाच एक मार्ग आहे.

आणि एकच डोस पुरतो, हे ज्ञान जगाला मिळवून देणाऱ्या मुलींमध्ये आपल्या पुण्याच्या आणि बार्शीच्या मुली होत्या. २००९ मध्ये सुरू झालेला अभ्यास २०१० मध्ये सरकारी आदेशाने मधेच थांबला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर कळलं की त्या एका डोसनेही कॅन्सर करणाऱ्या दोन मुख्य प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलं.

तो अभ्यास थांबला तो खम्मम आणि वडोदऱ्यातल्या याच लसीच्या दुसऱ्या एका प्रकल्पावरून उठलेल्या वादळामुळे. तिथे लस घेतलेल्या काही मुली दगावल्या होत्या; ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, असं चौकशीत निघालं. पण खम्मममध्ये आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या, हा गुन्हाच होता. तो इथे होऊ देणार नाही. मुख्याध्यापकांनो, तुमची सही चालणार नाही. संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत काढा, आईला समोर बसवून वाचून दाखवा, ती नको म्हणाली तर तिच्यावर दबाव आणू नका. लसीने मूल होत नाही असं खोटं पसरवणाऱ्यांनाही सांगतो, तुम्हाला आम्ही चारचौघांत जाब विचारू.

ठेकेदारांनो, लसीच्या दिवशी आईला अर्धा दिवस सुट्टी द्या. पगार कापलात तर कामगार आयुक्तांकडे तक्रार जाईल.

मुदत १५ ऑगस्ट. तोवर वॉर्डनिहाय मुलींची संख्या आणि लसीकरणाच्या तारखा नगरपरिषदेच्या फलकावर लागल्या पाहिजेत. मुलींची नावं मात्र फलकावर नकोत, ती दप्तरात ठेवा. संध्याकाळची आणि रविवारची सत्रं ठेवा, कारण दिवसा या आया कामावर असतात. "शाळाबाह्य मुलींची नोंद नाही" हे उत्तर घेणार नाही. नोंद करणं हे तुमचंच काम आहे.

मुदत टळली तर पुढच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता दोन्ही नगरपरिषदांच्या दारात ठिय्या. त्याच दिवशी माहिती अधिकाराचे अर्ज पडतील आणि येणारी उत्तरं आम्ही वॉर्डावॉर्डात नगरसेवकांच्या नावानिशी वाचून दाखवू. मुलींना आणि त्यांच्या आयांना सोबत आणणार आहोत. नर्स आणि डोस हजर असतील तर तिथेच रांग लावू. नसतील तर तारीख लेखी हातात पडेपर्यंत उठणार नाही.