गाडी आधी, पैसे मागून

यामाहाची आरएक्स १०० नवी मिळणं थांबलं, त्याला आता तीस वर्षं होत आली. १९८५ साली एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातून ती बाहेर पडली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. इंजिन अवघं ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्तीची, पण अंगाने इतकी हलकी की सिग्नल सुटला की तिच्यापेक्षा मोठ्या गाड्या मागे राहायच्या. आज नीट राखलेल्या, कागदपत्रं क्लिअर असलेल्या आरएक्ससाठी लोक लाखाच्या पुढे पैसे मोजतात. राजदूत ३५०, येझदी, जुन्या इंजिनाची बुलेट यांचंही तेच. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकसाठी एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्या चेतकवर पुढे उभं राहून शाळेत गेलेली पिढी आता कमावती झाली आहे आणि तिला ती स्कूटर परत दारात हवी आहे.

ही ओढ मला फार आपली वाटते. जुनं यंत्र जिवंत ठेवणारा माणूस एका अर्थाने कारागिरीची कदर करत असतो. म्हणूनच या ओढीवर टपून बसलेल्या चोरांविषयी आज सविस्तर लिहायचं आहे. या गाड्यांचा बाजार आता ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भरतो. तिथे रोज कुणाचे ना कुणाचे पैसे जातात, आणि ते बहुतेक वेळा एकाच कारणाने जातात: गाडी पाहण्याआधी पैसे दिलेले असतात.

फसवणुकीची सगळ्यात चालणारी गोष्ट फौजीची. जाहिरातीत चकाचक आरएक्स किंवा बुलेट, किंमत बाजारभावाच्या निम्मी. फोन केला की पलीकडचा माणूस अदबीने बोलतो. आपण सैन्यात किंवा सीआयएसएफमध्ये आहोत, अचानक बदली झाली, गाडी नेता येत नाही म्हणून स्वस्तात देतोय. लगेच ओळखपत्राचा, कँटीन कार्डाचा, आधारचा, वर्दीतला फोटो येतो. गाडी बघायला येतो म्हटलं, तर ती छावणीत आहे, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. काळजी करू नका, ‘आर्मी ट्रान्स्पोर्ट’ने घरपोच येईल, फक्त वाहतुकीचे दोन-अडीच हजार आधी टाका.

ते टाकले की शिक्का मारलेली पावती येते. मग जीएसटी भरायचा असतो, तो ‘परत मिळणार’ असतो. मग विमा. मग गाडी तुमच्या शहराच्या वेशीवर आलेली असते, पण पोहोचायला उशीर झाला म्हणून दंड भरायचा असतो. दर वेळी मागितलेली रक्कम आधी दिलेल्या रकमेला वाचवण्यासाठी द्यावी लागते, आणि माणूस अडकतो तो इथेच. पहिले अडीच हजार लोभापायी जातात, असं म्हणता येईल. पुढचे पन्नास हजार मात्र गेलेलं परत मिळवण्याच्या धडपडीत जातात.

या टोळ्या फौजीचंच सोंग का घेतात, हे आपल्या मुलखात समजावून सांगायला नको. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाच्या गावापुढे आजही ‘मिलिटरी’ लावलं जातं. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत जवानाच्या शब्दाला वजन आहे, आणि ते रास्तच आहे. चोर त्या वजनाचाच वापर करतो. त्यात बुलेटचं लष्कराशी नातं १९५०च्या दशकापासूनचं, त्यामुळे फौजीकडची बुलेट ही गोष्ट ऐकायलाही खरी वाटते. ओळखपत्रावरचा चेहराही अनेकदा खऱ्या जवानाचाच असतो. त्याची कागदपत्रं कधी तरी चोरलेली असतात. खऱ्या फौजीची बदली झाली, तर तो गाडी रेल्वेने नेईल, खासगी वाहतूकदाराकडे देईल, नाही तर गावी भावाकडे ठेवेल. ग्राहकाकडून यूपीआयवर भाडं घेऊन घरपोच गाडी देणारी लष्कराची कोणतीही सेवा नाही.

सावध माणूसही एका ठिकाणी फसतो. तो आरसीचा फोटो मागतो, गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाकतो. मॉडेल जुळतं, रंग जुळतो, मालकाच्या नावाची अक्षरं जुळतात. तो निर्धास्त होतो. पण ही तपासणी गाडी अस्तित्वात आहे एवढंच सिद्ध करते. ती समोरच्या माणसाकडे आहे, हे त्यातून कळत नाही. आरसी, फोटो आणि नंबर हे सगळं कुणा प्रामाणिक विक्रेत्याच्या जाहिरातीतून उचललेलं असू शकतं. आपणही विकताना आरसीचा फोटो बिनधास्त पाठवतो, तोच उद्या दुसऱ्याला फसवायला वापरला जातो. म्हणून विक्रेत्याकडून वेगळा पुरावा मागा: आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी गाडीच्या टाकीवर ठेवून काढलेला फोटो, किंवा थेट व्हिडिओ कॉलवर गाडी सुरू करून दाखवणं. गाडी समोर उभी असेल, तर हे पाच मिनिटांचं काम आहे. मात्र फोटो-व्हिडिओही आता हुबेहूब बनवता येतात, तेव्हा ही फक्त पहिली चाळणी समजा. ती पार झाली की प्रवासाचं तिकीट काढावं, पैसे पाठवू नयेत.

विकणाऱ्यांनाही हाच चोर उलट्या बाजूने भेटतो. तो भाव न करता गाडी घ्यायला तयार होतो आणि ‘पैसे घ्यायला’ क्यूआर कोड पाठवतो. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, पैसे येताना कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, हे चांगलंच झालं. पण क्यूआरचा सापळा अजून शिल्लक आहे.

आता समजा, गाडी खरी आहे आणि तुम्ही तिच्यासमोर उभे आहात. गुरांच्या बाजारात दात बघितल्याशिवाय कुणी बैल घेत नाही, तसे जुन्या गाडीचे दात म्हणजे चासी नंबर. हँडलखालच्या नळीवर तो कोरलेला असतो. रंग चढलेला असेल, तर पुसून वाचा, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या आणि आरसीवरच्या प्रत्येक अक्षराशी ताडून पाहा. घासल्याच्या खुणा दिसल्या, आकडे एका ओळीत नसले, तर तिथूनच मागे फिरा. इंजिन नंबरही पाहा, कारण आरएक्स १०० च्या सांगाड्यात आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेलं सर्रास सापडतं. गाडी पळेल झकास, पण कागदावरचं इंजिन वेगळं म्हणजे पुढे आरटीओत अडणार. ओळखीचा गॅरेजवाला सोबत न्या आणि त्याला दिवसाची मजुरी द्या. ज्याच्या नजरेवर तुमचे लाखभर रुपये वाचणार आहेत, त्याला फुकट राबवू नये.

जुन्या गाडीचे कागद ही तर वेगळीच कथा. नव्या मोटार वाहन कायद्याचा अंमल जुलै १९८९ मध्ये सुरू झाला. आजचे एमएच-१२, एमएच-०९ असे क्रमांक त्यानंतरचे. त्यामुळे ‘८६ मॉडेल’ म्हणून सांगितलेल्या गाडीला एमएच पासिंग असेल, तर त्याचं कारण विचारलंच पाहिजे. कधी ते साधं असतं, कधी मॉडेलचं सालच खोटं असतं. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. हे झालं नसेल, तर तो खर्च आणि हेलपाटे तुमच्या पदरात येतात. हस्तलिखित आरसी असलेल्या कित्येक गाड्यांची नोंद आरटीओच्या ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीत चढलेलीच नाही. ती चढवण्याचं काम सध्याच्या मालकाने आरटीओत जाऊन करावं आणि मगच सौदा व्हावा.

विक्रेता आरसीवरचा मालकच आहे ना? पुष्कळदा नसतो. मूळ मालकाच्या कोऱ्या सह्यांचे फॉर्म घेऊन गाडी दोन-तीन हात फिरलेली असते. अशा गाडीचा मालक शेवटी सापडत नाही आणि ती कुणाच्याच नावावर होत नाही. वडिलांची चेतक मुलगा विकत असेल आणि वडील हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर व्हायला हवी. मालक समोर असेल, तर हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५. दुसऱ्या आरटीओतली गाडी असेल, तर ना हरकत दाखला. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) संकेतस्थळावर आणि थकलेली चलनं वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

विक्रेत्यांनो, तुमच्याही हिताची एक गोष्ट. गाडी राज्यातच विकली असेल, तर चौदा दिवसांत आरटीओला कळवणं ही कायद्याने तुमची जबाबदारी आहे. गाडी दिली पण नाव तसंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे.

पैसे द्यायची वेळ आली की आरसीवरच्या मालकाच्याच बँक खात्यात द्या. ‘माझं खातं बंद आहे, मेहुण्याच्या नंबरवर टाका’ हे ऐकलं की थांबा. ‘दुसरं गिऱ्हाईक पुण्याहून निघालंय, टोकन टाका नाही तर गेली’ हे ऐकलं, तर खुशाल जाऊ द्या. आरएक्स दुर्मीळ आहे हे खरं, पण इतकीही दुर्मीळ नाही की ती न पाहता घ्यावी.

या सगळ्याचा भार एकट्या ग्राहकाने का वाहावा, हा प्रश्न मात्र मला सोडवत नाही. एकाच गाडीचा एकच फोटो नाशिक, नागपूर आणि हैदराबादच्या तीन जाहिरातींत तीन नावांनी दिसतो. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणा ज्या कंपन्यांकडे आहेत, त्यांना तोच फोटो पुन्हा आल्याचं ओळखता येत नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या कंपन्यांनी तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची आणि सात दिवसांत निवारण करायचं असतं. फसव्या जाहिरातीच्या बाबतीत सात दिवस म्हणजे चोराला दिलेली सुट्टीच. तक्रार झालेली विक्रीची जाहिरात काही तासांत झाकली गेली पाहिजे. खातं कधी उघडलं आणि त्यावरून आजवर किती जाहिराती दिल्या गेल्या, हे प्रत्येक ग्राहकाला समोर दिसलं पाहिजे. दोन खासगी माणसांमधल्या व्यवहारात ग्राहक आयोगाचा दरवाजा सहसा उघडत नाही, म्हणून मधल्या मंचावर ही जबाबदारी अधिकच येते.

आणि ज्यांचे पैसे गेले त्यांना सांगतो: लाजू नका. ‘एवढा शिकलेला, तरी फसला’ असं म्हणणारे नातेवाईक चोराचंच काम सोपं करतात, कारण त्या टोमण्यांच्या भीतीने माणूस गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात पैसे चार खाती फिरून काढले जातात. कळल्याच्या क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, व्यवहार क्रमांक, वेळ आणि समोरचं खातं सांगा, सोबत बँकेलाही कळवा. रक्कम कुठल्या तरी खात्यात असेपर्यंत ती गोठवता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करा. संशयित फोन नंबर किंवा यूपीआय आयडी आधीच तपासून पाहण्याची सोयही तिथे आहे. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहेच. आमच्या हद्दीत येत नाही, असं सांगून पोलीस ठाणं तुम्हाला परत पाठवू शकत नाही.

जुन्या गाड्यांचे ग्रुप चालवणाऱ्या तरुणांकडे माझं एक मागणं आहे. सरकार आणि कंपन्या हलतील तेव्हा हलतील, तुम्ही आजच ग्रुपवर एक नियम लावू शकता: तारखेच्या चिठ्ठीसह फोटो आणि गाडी पाहायला येण्याचा पत्ता दिल्याशिवाय विक्रीची पोस्ट राहणार नाही, आणि गाडी पाहण्याआधी टोकन मागणाऱ्याला ग्रुपमधून काढलं जाईल. प्रामाणिक विक्रेत्याला यात काहीच जाचक नाही. त्याला तर स्वस्तात देणाऱ्या चोरांशी स्पर्धा करावी लागणार नाही, आणि त्याच्या गाडीला तिचा खरा भाव मिळेल.