बाप दाखव, नाहीतर देश सोड!

प्रशांत महासागरातले किरिबाती बुडणार म्हणून जग हळहळते. 2015 साली न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या एका माणसाला निर्वासित मानायला नकार दिला, त्याचा केवढा गाजावाजा! व्हायलाच हवा. पण मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. या देशाच्या 1979च्या राज्यघटनेने परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व दिले ते फक्त बापावरून. समुद्रापायी घर सोडलेली बाई परमुलखात बाळंत झाली, बापाचा पत्ता नाही, तो देशही नुसत्या जन्मावर नागरिकत्व देत नाही. मग ते लेकरू कुठले? आणि कुणी बिनदेशाचे राहू नये म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात किरिबाती 1983 सालीच सामील झालेय!

नाक मुरडू नका, मैत्रिणींनो. परदेशात जन्मलेल्या मुलासाठी आपल्या कायद्यालाही 1992 पर्यंत बापच लागत होता.