तार नव्हे, हवेचा झोत

जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा भाग, बिघडला की सरळ नवा बसवावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत घाईचे आहे. १९८५मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या गाडीत दोष पुष्कळदा पायलट जेटमध्ये, म्हणजे इंजिन स्लोवर असताना पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी जेटमध्ये असतो. यावलच्या केळीच्या मळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून जाते आणि चिकट थर उरतो. तो तारेने कोरल्यास छिद्र रुंदावते, मिश्रणात पेट्रोल वाढते, प्लग काळा पडतो. म्हणून जेट क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने मोकळे करावे. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबर फुगू शकते, तेव्हा ओ-रिंग मात्र नव्याच घालाव्यात.