गाव गेले, वाण राहिले



परमुलखात गेलेला माणूस देवळे पाहतो, राजवाडे पाहतो, उंच इमारती पाहतो. पाहावीत, त्यात काही वाईट नाही. पण शेतकऱ्याने परके शहर पाहायचे तर दोन ठिकाणे चुकवू नयेत. एक तिथला भाजीबाजार आणि दुसरे तिथले स्वयंपाकघर. शहर आपल्या शेतकऱ्याला किती मान देते, ते या दोन जागी कळते.

२०२४ च्या नोव्हेंबरअखेर एका अभ्यासदौऱ्यात आम्हा काही मंडळींना जपानमधल्या क्योटो शहरात एक मोकळा दिवस मिळाला. सकाळी सायकलवरून शहर पाहायचे आणि दुपारी स्वयंपाकाच्या वर्गाला बसायचे, असा बेत ठरला. वाटाड्या म्हणून तिथल्याच एक चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी जे दाखवले, ते आज तुम्हाला सांगतो.

सायकलीला सोयीचे शहर

क्योटो हे जुने राजधानीचे गाव. इ. स. ७९४ मध्ये वसवले आणि हजार वर्षांहून अधिक काळ बादशहा तिथे राहिला. रस्ते पटावरच्या घरांसारखे उभे-आडवे आखलेले. तीन बाजूंना डोंगर, मधे सपाट जमीन आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी कामो नदी. असे शहर सायकलला फारच सोयीचे. शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया, सत्तरीचे आजोबा, सगळे सायकलवर. सायकलला पुढे टोपली, आणि टोपलीतून मुळ्याची पाने किंवा कांद्याची पात डोकावत असलेली.

वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, म्हणून आम्हाला अडचण पडली नाही. मात्र शिस्त कडक. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून सायकल चालवताना हातात फोन धरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड, असा कायदा लागू झाला होता. सायकल वाटेल तिथे टेकवली तर नगरपालिकेची माणसे उचलून नेतात.

जुन्या राजवाड्याच्या आवारात सगळीकडे बारीक खडी पसरलेली आहे आणि तीत चाक रुतते. पण रोजच्या जाणाऱ्या-येणाऱ्या सायकलींनी त्या खडीतून वीतभर रुंदीची एक घट्ट वाट पाडली आहे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांनी चाकोरी पडते, अगदी तशी. समोरून दुसरा आला की एकाने खडीत उतरून वाट द्यायची. कोणी पाटी लावलेली नाही, पण सगळे पाळतात.

पाट अंगणातून वाहतो

नदीकाठाने उत्तरेला गेलो की कामिगामो नावाची वस्ती लागते. तिथे जुने देवस्थान आहे. देवस्थानातून निघालेला ओढा पुजाऱ्यांच्या जुन्या घरांना लागून वाहतो. पूर्वापार रीत अशी की, घरमालकाने ओढ्याचे पाणी आपल्या अंगणातल्या बागेत घ्यावे आणि तितकेच स्वच्छ करून परत ओढ्यात सोडावे, कारण खाली दुसऱ्याचे घर आहे आणि त्याच्याही खाली शेत आहे. पाटाच्या पाण्यावरून आपल्याकडे किती भावकी तुटल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको.

याच कामिगामोत सुगुकी नावाचे सलगमाच्या जातीचे कंद होतात. त्यांचे आंबवलेले लोणचे करतात. त्यात फक्त मीठ. तेल नाही, मसाला नाही. आम्ही गेलो तेव्हा हंगाम नुकताच सुरू झाला होता. लाकडी पिंपात कंद रचायचे, झाकण ठेवायचे, त्यावर लांब दांडी आडवी टाकून तिच्या टोकाला दगड बांधायचे. थोड्या दगडांत मोठा दाब पडतो. मग ती पिंपे गरम खोलीत आठवडाभर ठेवतात आणि आंबट, खारे लोणचे तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे वाण गावाबाहेर नेऊ नये असा सरकारी हुकूमच निघाला होता. बियाण्याची किंमत त्या लोकांनी तेव्हाच ओळखली होती.

या गावच्या शेतकरीणी पूर्वी भाजी घेऊन शहरात दारोदार फिरत. काही जणी आजही फिरतात, फक्त आता लहान टेम्पो असतो. गिऱ्हाईक ठरलेले. कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणाला कोवळी पात लागते, सारे तोंडपाठ. मधे अडत्या नाही.

वस्त्यांची नावे की भाजीची पाटी?

परतताना वाटाड्या बाईंनी एकेका वस्तीची नावे सांगायला सुरुवात केली आणि आम्ही चकित झालो. शोगोइन, शिशिगातानी, होरिकावा, कुजो, कामो. ही वस्त्यांची नावे, आणि याच भाज्यांच्या वाणांचीही.

शोगोइन हा गोल मुळा. नारळाएवढा, कधी त्याहून मोठा. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८१८ ते १८३० च्या दरम्यान आजच्या नागोयाकडच्या भागातून एक लांब मुळा इथल्या देवळात आला. शोगोइनच्या शेतकऱ्याने त्याचे बी धरले. दरवर्षी जो मुळा आखूड आणि जाड निघेल, तोच बियाण्याला ठेवायचा. असे करता करता लांब मुळ्याचा गोल मुळा झाला. प्रयोगशाळा नाही, पदवी नाही. डोळा आणि धीर, एवढेच भांडवल. मी बी.एस्सी. ॲग्रीला ‘निवड पद्धत’ पुस्तकात शिकलो, ती या माणसांनी वाफ्यात शिकून घेतली होती.

शिशिगातानी हा तुंबड्यासारखा मधे आवळलेला लाल भोपळा. दूर उत्तरेकडून बी आणले तेव्हा फळ चपटे होते, इथल्या मातीत काही वर्षांत त्याने हा आकार घेतला. दरवर्षी २५ जुलैला तिथल्या एका देवळात हाच भोपळा शिजवून येणाऱ्यांना प्रसाद म्हणून देतात. खाल्ला तर अर्धांगवायू होत नाही अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचे राहू द्या, पण त्या दिवसासाठी कोणाला तरी तो भोपळा लावावाच लागतो, आणि त्यामुळे वाण टिकते, हे ध्यानात घ्या.

होरिकावा हे मनगटाएवढे जाड, आतून पोकळ असे खाण्याचे मूळ. एका सरदाराचा वाडा १५९५ मध्ये पाडला, त्याच्या खंदकात लोकांनी केरकचरा टाकला, आणि त्या उकिरड्यात हे मूळ असे पोसले, अशी कथा सांगतात. शेणखताचे महत्त्व सांगायला मला याहून चांगला दाखला मिळाला नसता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आम्ही शोगोइनमधून सायकली नेल्या, तेव्हा मी मुळ्याचा वाफा शोधत होतो. वाफा कुठला? घरे, दुकाने, दवाखाना. शहराने शेत गिळले. गोल मुळा आता शहराबाहेरच्या दुसऱ्या गावांत पिकतो, पण बाजारात नाव शोगोइनचेच. गाव गेले, वाण राहिले.

ते आपोआप राहिले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी संकरित बियाणी आली. एकसारखी, पेटीत नीट बसणारी, लवकर येणारी. जुनी वाणे मागे पडली. मग क्योटो प्रांताच्या सरकारने १८६८ पूर्वीपासूनच्या भाज्यांची यादी केली आणि १९८९ पासून निवडक भाज्यांना प्रमाणचिन्ह देऊन शहरोशहरी विकायला मदत केली. त्या यादीत दोन नावे अशी आहेत, की ज्यांच्यापुढे ‘नष्ट’ असे लिहावे लागले. तोजी देवळाकडचे सलगम आणि कोरीचा मुळा. सरकार आहे, पैसा आहे, तज्ज्ञ आहेत, पण बी नाही. मग कोण काय करणार?

बाजार आणि चितारी

वाटेत नान्झेनजी देवळाच्या आवारात विटांच्या कमानींवरून वाहणारा कालवा पाहिला. राजधानी १८६९ मध्ये तोकियोला गेल्यावर क्योटो ओस पडणार असे सगळ्यांना वाटले. तेव्हा या लोकांनी डोंगर फोडून बिवा तळ्याचे पाणी शहरात आणले. १८८५ साली काम सुरू झाले तेव्हा इंजिनिअर तानाबे साकुरो अवघा २३ वर्षांचा होता. १८९० मध्ये कालवा पुरा झाला आणि पुढल्याच वर्षी त्या पाण्यावर वीज निघाली. शहर आजही ते पाणी पिते.

मग निशिकी बाजार. अरुंद गल्ली, लांबी साधारण ४०० मीटर, दुतर्फा शंभरावर दुकाने. इथे सायकलवरून उतरावे लागते. विकत घेतलेला पदार्थ चालत चालत न खाता दुकानापाशीच उभे राहून खावा, असे बाईंनी आधीच बजावले होते. जमिनीखालचे थंडगार पाणी मिळते म्हणून पूर्वी इथे मासळीचा बाजार बसला. १६१५ मध्ये त्याला सरकारी परवाना मिळाला.

याच बाजारातल्या भाजीच्या वखारवाल्याचा थोरला मुलगा इतो जाकुचू हा जपानचा नामांकित चित्रकार झाला. जन्म १७१६ चा. बाजार बंद पडण्याची वेळ आली तेव्हा कुंचला बाजूला ठेवून त्याने तीन वर्षे खटपट केली आणि बाजार पुन्हा उघडवला. त्याचे एक चित्र प्रसिद्ध आहे. भगवान बुद्धाचे महानिर्वाण, पण बुद्धाच्या जागी उताणा पडलेला मुळा, आणि भोवती वांगी, भोपळे, सलगम शोक करीत जमलेले. थट्टा नव्हे हो! भाजी विकून मोठे झालेल्या घरचा मुलगा मुळ्यात देव पाहतो, इतकेच.

दुपारचा स्वयंपाक

वर्ग एका जुन्या लाकडी घरात होता. दर्शनी भाग हातभर, आत मात्र लांबच लांब. आधी ‘दाशी’ म्हणजे तिथले पायाचे पाणी शिकवले. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू भिजवायचा. कोंबू ही समुद्रात वाढणारी रुंद पानांची वनस्पती, वाळवलेली. मंद आचेवर तापवायचे आणि उकळी फुटण्याआधी कोंबू काढून घ्यायचा, नाहीतर पाणी बुळबुळीत होते. मग त्यात धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा कीस घालून गाळतात. आमच्यात माळकरी होते. त्यांच्यासाठी माशाऐवजी वाळलेली अळंबी वापरली. तिथल्या देवळांतला स्वयंपाक असाच शाकाहारी असतो. या पाण्यातली चव कशाची, हे १९०८ साली किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञाने कोंबूमधूनच शोधून काढले. ते जन्माने क्योटोचेच.

मग गोल मुळा आला. त्याची कृती भगिनींनी लिहून घ्यावी, आपल्या जाड मुळ्यालाही चालते. दोन बोटे जाडीच्या चकत्या करा. साल जरा जाडच काढा. कडा सुरीने गोलसर करा, म्हणजे शिजताना कडा फुटत नाहीत. एका बाजूने अधिक चिन्हासारखी अर्धवट चीर द्या, म्हणजे आतपर्यंत शिजते. तांदळाच्या धुवणात मऊ होईपर्यंत उकळा. धुवणाने उग्रपणा जातो आणि मुळा पांढरा राहतो. मग धुऊन दाशीत मंद शिजवतात आणि वर तांदूळ-सोयाबीन आंबवून केलेला गोडसर पांढरा ‘मिसो’ घालतात. शोगोइनचा मुळा तासभर शिजला तरी ढासळत नाही. सालीची नि पाल्याची कोशिंबीर झाली. तांदळाचा कोंडा मिठात कालवून त्यात भाज्या मुरवायला ठेवलेल्या होत्या. टाकले असे काहीच नाही.

जेवणाआधी सगळ्यांनी हात जोडून एक शब्द म्हटला, ‘इतादाकिमासू’. अर्थ एवढाच, की हे मी नम्रपणे स्वीकारतो. शिकवणाऱ्या बाईंनी मुळा कोणत्या शेतावरून आला, हेही सांगितले.

तेव्हा मला उमगले की, वाण शेतात टिकते ते स्वयंपाकघराच्या जोरावर. नुसते बी जपून भागत नाही. ते कसे शिजवायचे हे घरच्या सुनेला आणि शहरच्या गिऱ्हाइकाला माहीत पाहिजे. ज्या वाणाची कृती विसरली, त्याचे बी पुढच्या पिढीला नकोसे होते.

आपल्यापुरते

जळगावची भरताची वांगी आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांना गावाच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी गावरान बियाण्यांची बँक उभारली आणि २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचे नाव आले. म्हणजे वाट नाही असे नाही. पण नाव न मिळालेली वाणे कितीतरी आहेत. कुठे एखाद्या वाडीचा काकडीचा वेल, कुठे एखाद्या आजीच्या गाडग्यात राखेत ठेवलेले वालाचे बी.

यंदा एवढे करा. परसातल्या गावरान भाजीची उत्तम चार झाडे निवडा, दोऱ्याने खूण करा आणि त्यांची फळे तोडू नका. मुळा, भोपळा, काकडी यांवर माश्या परागकण इकडचे तिकडे नेतात, म्हणून त्याच पिकाचे संकरित वाण जवळ नको. बी नीट वाळवून, कोरड्या डब्यात, वाण आणि गाव लिहून ठेवा. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण नोंदवता येते. त्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आणि ज्या घरी असे वाण असेल, त्या घरच्या भगिनींनी त्याची कृतीही बियाण्याच्या डब्यात चिठ्ठीवर लिहून ठेवावी. तुमच्याकडे कोणते वाण आहे आणि ते कसे शिजवता, हे या सदराच्या पत्त्यावर अवश्य कळवा. आलेली पत्रे याच जागी छापू.