आईला दोन तास द्या

घरून काम करणारी बाई पॉडकास्ट करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : वेळ कुठून काढतेस? हा प्रश्न तिच्या घरच्यांना विचारायला हवा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८.

मी विम्याच्या दाव्यांचं काम घरून करते. लेक बालवाडीत जाते. ती शाळेत असताना ऑफिसचं काम, ती झोपली की रेकॉर्डिंग. कपड्यांचं कपाट उघडायचं, त्याच्याकडे तोंड करून बसायचं आणि पाठीमागे दोरीवर गोधडी टाकायची. कपड्यांत आवाज मुरतो, घुमत नाही. पंखा बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, म्हणजे 'प', 'फ' म्हणताना फटका बसत नाही. संपादनासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. महागडा माइक आधी घेऊच नये. आणि मुलांचं नाव, शाळा कधीही सांगू नये.

विषय शोधावे लागत नाहीत. उदाहरणार्थ, मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. काम तसं असेल तर रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची सोयही तिनेच आणली. हे कितीजणींना ठाऊक असतं? भाजी निवडता निवडता ते कानावर पडलं, तर उपयोगी पडेल.

म्हणून घरच्यांना सांगणं एवढंच : आठवड्यातले दोन तास तिला दार लावून बसू द्या. तेवढा वेळ कुकर तुम्ही लावा.