ठाऊक अनेकांना, जबाबदारी कोणाचीच नाही

१९८८ साली टोकियोच्या सुगामो भागात, आई सोडून गेलेली काही भावंडे एका घरात एकटीच दिवस कंठीत असल्याचे उघडकीस आले. थोरला मुलगा चौदा वर्षांचा होता. जपान त्या वेळी वैभवाच्या शिखरावर होता आणि जगभरचे अर्थपंडित त्याचे गोडवे गात होते. या घटनेवरून सुचलेला हिरोकाझु कोरे-एदा यांचा 'कुणालाच ठाऊक नाही' हा चित्रपट २००४ साली आला. त्यातील आकिराच्या भूमिकेबद्दल युया यागिरा या किशोराला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले.

आई थोडे पैसे ठेवून निघून जाते आणि बारा वर्षांचा आकिरा तीन धाकट्या भावंडांचा कुटुंबप्रमुख होतो. तो बाजार करतो, स्वयंपाक करतो, वहीत पैशापैशाचा हिशेब मांडतो. पुढे वीज तुटते, पाणी तुटते. मुले बागेतल्या नळावरून पाणी आणतात. अखेर सर्वांत धाकटी युकी दगावते. अशा मुलाला 'समंजस' म्हणून शाबासकी देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु त्या समंजसपणाची किंमत त्याच्या बालपणातून वसूल झालेली असते आणि त्याचे हे श्रम कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत.

चित्रपटाचे नावच मुळी उपरोधिक आहे. घरमालकीण मुलांना पाहून जाते. दुकानातील नोकर शिळे ठरलेले अन्न मागल्या दाराने देतो. थोडेथोडे अनेकांना ठाऊक आहे. त्या ठाऊक असण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. खासगी दया पोटाला घास देते, पण मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरवीत नाही.

मग आकिरा सरकारी यंत्रणेकडे का जात नाही? कारण तेथे गेल्यास चौघांची ताटातूट होईल, हे तो जाणून आहे. कल्याणकारी राज्याचा आग्रह धरणाऱ्यांनी या उत्तरापाशी थांबून विचार केला पाहिजे. खाते उघडले, तरतूद मंजूर करून घेतली, म्हणजे काम संपले असे नव्हे. ज्याच्यासाठी ते दार आहे, त्या मुलालाच ते ठोठावण्याची भीती वाटत असेल, तर ती व्यवस्था कागदावरच राहते. भावंडांना एकत्र ठेवून आधार देणारी, आपण होऊन त्यांच्या दारी जाणारी यंत्रणा हवी. तिची मागणी करणे आणि ती उभी राहीपर्यंत शेजारच्या बंद दाराची विचारपूस करणे, ही दोन्ही कामे कार्यकर्त्यांचीच आहेत.