तळव्यावरचा नकाशा

दिवसभर धानाच्या बांधीत किंवा तेंदूपानांच्या जंगलात राबलेल्या पायांना रात्री तेल लावून काशाच्या वाटीने चोळले, की शीण उतरतो. आयुर्वेदातील पादाभ्यंग तो हाच. हे सुख कोणी नाकारू नये. परंतु तळव्यावरचे ठरावीक बिंदू दाबल्याने यकृत, मूत्रपिंडांचे रोग हटतात, हा १९३० च्या दशकात अमेरिकेत युनिस इंगहॅम यांनी रुजविलेला दावा शास्त्राच्या कसोटीस उतरलेला नाही.

‘निदान अपाय तरी नाही,’ असे समर्थक म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीत तेही खरे नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापिली. पण कुष्ठरोग या जिल्ह्यांतून अद्याप हटलेला नाही. त्याची पहिली खूण पुष्कळदा वेदना नव्हे, बधिरता असते. मधुमेहातही पाय असेच बधिर होतात. काटा रुतला तरी न कळणारा पाय चोळण्यात महिने गेले, तर मज्जातंतूंची झालेली हानी सहसा भरून येत नाही. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो आणि वेळीच घेतल्यास पंगुत्व टळते.

शिक्षकांनी गावोगावी एवढेच सांगावे: थकल्या पायाला तेल, बधिर पायाला आधी तपासणी.